बाजूला बसलेल्या बायका

माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं की मला ती नोकरी फक्त तोंडाच्या बळावर मिळाली. ते खरंच होतं. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातली डॉक्टर मंडळी शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या गावांत बायकांच्या कॅन्सरची पाहणी करणार होती. तोंड, छाती आणि गर्भाशयाचं तोंड तपासायचं, आणि जिला काही निघेल तिच्यावर मुंबईत फुकट उपचार करायचे, असं ते काम. त्यांना दारोदार जाऊन बायकांना समजावणारी, इथलीच, दहावी झालेली बाई हवी होती. माझं माहेर खर्डीच्या पुढचं आणि सासर टोकावड्याच्या अलीकडे रस्ता सोडून आत, म्हणजे दोन्ही तालुके माझ्या पायाखालचे. मुलाखतीला साहेबांनी विचारलं, बायका ऐकतील का तुमचं? मी म्हटलं, सासू सोडून सगळ्या ऐकतात. साहेब हसले. मी काही गंमत केली नव्हती.

काम तसं सोपं दिसायचं. खांद्याला पिशवी, पिशवीत चित्रांचा एक मोठा चोपडा, एक बॅटरी. ओटीवर बसायचं, चित्रं दाखवायची, मग तोंड उघडायला सांगून बॅटरी मारायची. निम्म्या बायका समोर बसून मिसरी लावत लावतच मिसरीचे तोटे ऐकायच्या. बोट दातांवर फिरतंय आणि मान हलतेय, ‘खरं हाय गो बाय, लय वाईट हाय ही मिसरी.’ एकीने तर मला आग्रहाने चिमूटभर देऊ केली. कॅन्सर हा शब्द त्यांनी ऐकलेला असायचा, पण तो मुंबईच्या बायकांचा रोग, एसीत बसणाऱ्यांचा, असं त्यांचं ठाम मत. आमच्याकडे साप चावतो, कावीळ होते, बाळंतपणात बाई जाते, पण हे असलं काही नाही. आणि तपासून घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. नसलेलं काढून ठेवतात डॉक्टर.

सगळ्यात मोठी पंचाईत ‘कॅम्प’ या शब्दाची होती. आमच्याकडे कॅम्प म्हणजे नसबंदी, दुसरा अर्थ कुणाला ठाऊक नाही. एक सत्तरीची म्हातारी मला काठी घेऊन अंगणाबाहेर सोडायला आली होती. म्हणाली, ‘माजी पिशवी तुज्या जन्माच्या आदी बंद केली. आता काय शिवण उसवायला आलीस?’ मी आणि ती दोघी इतक्या हसलो की पुढच्या वेळी तिनेच तिच्या आळीतल्या बायका गोळा करून आणल्या. मला असली माणसं आवडतात. तोंडावर भांडणारी बाई परवडते, मान हलवणारी नाही.

तपासणीला एक खोली लागायची. दार बंद होईल अशी, दिव्याची, जवळ पाणी असलेली. शाळेत गुरुजी आणि पोरं, ग्रामपंचायतीच्या हपिसात दिवसभर पुरुषांचा पत्त्यांचा डाव. उरायची ती देवळाला लागून असलेली खोली. प्रत्येक गावात ती असतेच, लग्नाची मोठी भांडी आणि सतरंज्या ठेवायला. दाराला कडी, वर बल्ब, बाजूला नळ किंवा विहीर. आमच्या डॉक्टरबाई ती खोली बघून खूष व्हायच्या. मुंबईच्या होत्या, पण चांगल्या होत्या. पायातली चप्पल न सांगता बाहेर काढायच्या आणि सुकटीची चटणी मागून घ्यायच्या. त्या आत एका टेबलावर तपासायच्या. आंबट पाणी लावून जागा पांढरी होते का बघायचं, अशी ती रीत. बाहेर येणारी प्रत्येक बाई दुसरीला सांगायची, काय नाय गो, लोणच्याचा वास येतो.

नियम एकच होता. पाळी चालू असेल तर त्या दिवसांत यायचं नाही, कारण रक्ताने जागा नीट दिसत नाही. आदल्या दिवशी गावच्या कोतवालाकडून दवंडी द्यायची पद्धत होती, आणि त्याला हेही सांगायला सांगितलं जायचं. आता कोतवाल हा पुरुष माणूस, चारचौघांत पाळी शब्द उच्चारणार कसा? त्याने त्याच्यापरीने सभ्य शब्द शोधला. ‘उद्या देवलाजवल बायांची तपासनी हाय होऽऽ. ज्या बाहेरच्या असतील त्यांनी येऊ नये होऽऽ.’ आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलासुद्धा नाही. बाहेरची बाई देवळाकडे जात नाही हे मला जन्मापासून माहीत. गावोगावी ही एकच दवंडी गेली, आणि एका गावाचं ऐकून दुसऱ्या गावाने ती आपली म्हणून उचलली.

बाहेरची म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. पाळीच्या दिवसांत आमच्या घरात बाई पडवीत बाजूला बसायची. तिचं गोणपाट वेगळं, ताट-पेला वेगळा. चुलीला शिवायचं नाही, पाण्याच्या हंड्याला नाही, भात झोडायच्या खळ्यावर पाय ठेवायचा नाही. शेतात मात्र चिखलणीला, लावणीला गेलेलं चालायचं. विटाळाला शेत चालतं आणि चूल चालत नाही, हे कोडं मी लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूला घातलं होतं. त्या म्हणाल्या, ‘शेत पावसानं धुतं. चूल तू धुतेस का?’

सासूबाई म्हणजे काटक, उंच बाई, कपाळावर हिरवं गोंदण. नवरा गेल्यावर एकटीने शेत राखलं आणि एकुलता एक मुलगा वाढवला. जीभ तिखट. माझ्यापेक्षा तिखट, म्हणून घरात शांतता असायची. मी हरले की विषय संपायचा. बाजूला बसण्याच्या बाबतीत त्या अतिशय कडक. त्यांची स्वतःची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे महिन्यातले चार दिवस मी पडवीत आणि त्या चुलीशी, असं आमचं चालायचं. मग माझ्या नोकरीच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी मी उठून बघते तर त्याच पडवीत गोणपाटावर बसलेल्या.

‘काय झालं, आई?’

‘काय व्हणार? कावला शिवला.’

‘या वयात?’

‘देवानं दिली परत. तुला काय त्रास?’

मला त्रास होताच. स्वयंपाक, पाणी, गुरं, पोराची शाळा सगळं उरकून मला सकाळची एसटी गाठायची असायची. चार दिवसांनी त्या न्हाल्या, आत आल्या. पंधरा दिवस गेले नाहीत तोच परत पडवीत. मी दारोदार जे सांगत फिरत होते ते माझ्या चोपड्यातल्या एका चित्राखाली लिहिलेलं होतं: पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं तर ताबडतोब तपासून घ्या. मी त्यांना ते चित्र दाखवलं. मी घाबरले होते, ते बोलून दाखवलं नाही. नेहमीच्या तोऱ्यातच म्हटलं, ‘आई, ही पाळी नाय. डॉक्टरबाईंना दाखवू या.’

‘देवलाच्या खोलीत? अशी? बाहेरची असून?’

‘मग न्हाल्यावर चला.’

न्हाल्यावर म्हटलं, चला. तर म्हणाल्या, ‘आता कुठं काय हाय? बंद झालं. आता काय दाखवू?’

असं दोन-तीन वेळा झालं. रक्त असलं की देवाला चालत नाही आणि आमच्याच दवंडीप्रमाणे डॉक्टरलाही चालत नाही. रक्त नसलं की दाखवण्यासारखं काही नाही. कोणत्याही बाजूने गेलं तरी त्या पडवीतच. मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात चला म्हटलं तर उत्तर यायचं, तिथं पुरुष डॉक्टर हाय. नवऱ्याला सांगितलं तर तो लाजून गोठ्यात निघून गेला. आईच्या अशा गोष्टीत मुलगा काय बोलणार?

त्याच सुमारास शहापूरला आमची एक बैठक झाली. मुंबईहून मोठे डॉक्टर आले होते. ते म्हणाले, इकडच्या बायकांत गर्भाशयाचा आजार फार कमी दिसतोय, आणि त्यांनी हवेचं, कष्टाचं, भाजीपाल्याचं कौतुक केलं. आम्ही सगळ्या कार्यकर्त्या मनातून सुखावलो. आपल्या गावाला कुणी चांगलं म्हटलेलं कुणाला आवडत नाही?

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी आणि डॉक्टरबाई मागे बसलो होतो. मला त्या दिवशी घरी जाऊन पुन्हा सगळा स्वयंपाक करायचा होता, आणि मी वैतागलेली होते. सुनेचा वैताग म्हणजे काय, एकदा तोंड उघडलं की बंद होत नाही. मी सांगत सुटले: सासू परत बाजूला बसल्यात, महिन्यातून दोनदा बसतात, मला ओझं होतं, वर म्हणतात देवानं दिली, आणि ही काय माझ्या एकटीची कथा नाही, घरोघरी मातीच्या चुली, परवा त्या धरणाजवळच्या गावात एक सून हेच रडत होती की सासू सहा महिने सारखी बाजूला बसते, आराम हवा म्हणून बसते दुसरं काय.

डॉक्टरबाईंनी माझा हात धरला. ‘थांब. परत सांग. किती वयाची सासू?’

मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, बाजूला बसलेली बाई आपल्या तपासणीला येते का? मी म्हटलं, कशी येईल, देवळाजवळ असते ना. आणि आपणच सांगतो, येऊ नका. हे बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. डॉक्टरबाईंनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, ‘म्हणजे आपण गावोगाव जाऊन ज्या बऱ्या आहेत त्यांनाच तपासतोय. आणि ज्यांना आहे त्या आपलं ऐकून घरी बसल्यात.’ त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या आठवड्यापासून कामाची तऱ्हा बदलली. दवंडीत आता सांगितलं जाऊ लागलं की ज्यांची पाळी गेली आणि परत आली त्यांनी आधी यावं. कोतवालाला ते म्हणायला लावताना आम्हाला घाम फुटला. देवळाची खोली सोडली. गावाबाहेरच्या अंगणवाडीत, एखाद्याच्या रिकाम्या गोठ्यात, वाशिंदकडे तर एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत आम्ही टेबल मांडलं. आणि मी प्रश्न बदलला. आधी मी म्हाताऱ्या बाईलाच विचारायचे, अंगावरून काही जातं का? कुठलीच बाई हो म्हणत नसे. आता मी सुनेला गाठायचे आणि विचारायचे, ‘काय गो, तुज्यावर कामाचा लय भार पडतो का? सासू सारकी बाजूला बसती का?’

मग काय विचारता. सुना भडाभडा बोलायच्या. कोण कधीपासून बसते, किती दिवस बसते, कुणाच्या पडवीत कोण, सगळं. सासूच्या तक्रारी ऐकून घ्यायला सरकारने माणूस नेमलाय अशीच त्यांची समजूत झाली. त्या तक्रारींमागे आम्ही पडवीपडवीतून जाऊ लागलो, आणि जे आम्हाला देवळाच्या खोलीत सापडत नव्हतं ते सापडू लागलं. काही बायकांचं लवकर सापडलं, त्या मुंबईला जाऊन बऱ्या होऊन आल्या. काहींचं उशिरा सापडलं. एक तर आम्ही पोचलो त्याच्या आदल्या आठवड्यात गेली होती, आणि तिची सून मला म्हणाली, ‘मी उगाच बोलले व्हते गो त्यांना, कामचुकार म्हनून.’ ती जे रडली ते मला अजून आठवतं. त्या गावाचं नाव निघालं की मी दुसरीकडे बघते.

हे सगळं चाललं असताना माझ्या घरात काय झालं? जीपच्या ड्रायव्हरकडून ऐकून गावात कुणीतरी सासूबाईंना सांगितलं की तुमची सून जीपमध्ये डॉक्टरांसमोर तुमचं सगळं बोलली, आणि त्यावरूनच हे नवं सुरू झालं. मी संध्याकाळी घरी आले तर त्या अंगणात उभ्या.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची व्हती. ती तू रस्त्यावर उघडलीस. माजं रगत गावभर सांगत फिरतेस?’

मी सांगायचा प्रयत्न केला की त्या बोलण्याने इतर बायका सापडल्या. ‘त्यांना सापडू दे,’ त्या म्हणाल्या. ‘मी हरवले नाय.’ आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. भाकरी खायच्या, पण वाढ म्हणायच्या नाहीत. मी दोन तालुक्यांतल्या बायकांना पडवीतून उठवत होते आणि माझ्याच पडवीतली बाई माझ्याकडे पाठ करून बसलेली. त्यांचा गळा बारीक झालेला मला दिसत होता. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मला भीती वाटायची. रागही यायचा, पण भीती जास्त.

ते अबोल्याचे दिवस कसे संपले ते सांगते. होळी झाली होती. मला पाळी आली आणि मी माझं गोणपाट घेऊन पडवीत गेले, तर त्या तिथे आधीच बसलेल्या. लग्न होऊन आल्यापासून असं कधी झालं नव्हतं की आम्ही दोघी एकाच वेळी बाजूला. घरात चुलीला हात लावणारं कुणी नाही. नवऱ्याने भात टाकला. करपल्याचा वास कुडाच्या भिंतीतून आमच्याकडे आला. मला हसू येत होतं, पण अबोला असल्याने हसायची चोरी. मग आतून त्याने ओरडून विचारलं, ‘मीठ आधी का नंतर?’ आणि सासूबाई फसकन हसल्या. मीही हसले. बाजूला बसलेल्या दोघी एकमेकींना शिवू शकतात, त्यात विटाळ नाही. मी माझं गोणपाट त्यांच्या गोणपाटाला लावलं.

दुपारभर आम्ही तिथे बसलो. दोघींच्या हाताला काम नाही असं आमच्या संसारात तोवर घडलंच नव्हतं. त्या भिंतीला टेकल्या होत्या. जवळ बसल्यावर मला तो वास आला, आणि मला वास आला हे त्यांना कळलं.

‘मला ठाव हाय ही पाली नाय,’ त्या म्हणाल्या. ‘पालीला असा वास नसतो.’

‘मग पाळी पाळी का म्हणत होतात?’

त्यांनी अंगणाकडे बघितलं. ‘पाली म्हटलं की चार दिसांनी न्हाऊन घरात येता येतं. रोग म्हटला की आत कोन घेतंय, गो?’

इतक्या दिवसांत मी त्यांना हट्टी म्हटलं, अडाणी म्हटलं, नवऱ्याजवळ तर आणखी काय काय म्हटलं. ही बाई घाबरली असेल असं माझ्या मनात आलं नव्हतं. ज्या बाईला मी कधी घाबरलेलं बघितलंच नव्हतं तिच्याबद्दल ते सुचणार तरी कसं? मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी धरू दिला.

मग हळू आवाजात विचारलं, ‘ती तुजी डॉक्टरीन. असल्या अंगाला हात लावील ती?’

‘लावील.’

‘नाक नाय ना मुरडनार?’

‘मुरडलं तर मी तिला घरी पाठवीन.’

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई टोकावड्यात तपासणीला होत्या. मी शेजारच्या पोरीकरवी तिथे निरोप धाडला आणि दुपारी जीप आली. डॉक्टरबाईंनी अंगणात चप्पल काढली आणि सरळ पडवीत येऊन सासूबाईंच्या गोणपाटावर बसल्या. सासूबाई अंग चोरून म्हणाल्या, ‘अवो, शिवलात मला. आता तुमाला न्हावं लागंल.’ डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘मी रोज घरी जाऊन न्हातेच.’ हातमोजे घालायच्या आधी त्यांनी सासूबाईंचा हात नुसता हातात घेऊन ठेवला होता. आम्ही पडवीला दोन लुगडी आडवी बांधली, नवऱ्याला गुरं घेऊन लांब पाठवलं. तपासणीला फार वेळ लागला नाही. डॉक्टरबाईंना आंबट पाणी लावावंच लागलं नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसलं. त्या बाहेर येऊन मला म्हणाल्या की रोग आहे, वाढलेला आहे, पण पलीकडे गेलेला वाटत नाही. उपचार होतील. उद्याच निघा.

मुंबईला आम्ही पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राहिलो. इस्पितळाच्या जवळ एका धर्मशाळेत जागा मिळाली. तिथे रोज त्यांना शेक द्यायचे, म्हणजे मशीनखाली झोपवून किरणं सोडायचे. सासूबाई त्याला ‘लाईट घेणं’ म्हणायच्या. आमच्या आसपास विदर्भातल्या, कोकणातल्या, कुठल्या कुठल्या बायका, सगळ्या उशिरा आलेल्या, आणि प्रत्येकीच्या उशिराचं कारण वेगळं. सासूबाई त्यांना विचारायच्या, तुमच्याकडे बाजूला बसतात का? मग त्यांची चर्चा रंगायची. उलट्या व्हायच्या, जेवण जायचं नाही, डॉक्टरांना शिव्या द्यायच्या. माझ्यावरही ओरडायच्या. त्यांचा आवाज परत आला म्हणून मी मनातल्या मनात खूष व्हायचे. रक्त थांबलं. वास गेला. लावणीला आम्ही घरी होतो. त्या वर्षी त्यांनी लावणी केली नाही, बांधावर बसून आमच्या चुका काढल्या.

रीत त्यांनी सोडली नाही, हेही सांगायला हवं. मी पडवीत बसले की अजूनही चुलीपासून लांब राहायला लावायच्या. फक्त आता येऊन जवळ बसायच्या आणि मोठ्याने विचारायच्या, किती गेलं, कसं गेलं, वास हाय का. नवरा घरात असला तरी विचारायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. पाहणी संपत आली होती, माझी फिरती कमी झाली होती. आमच्या ओहोळापलीकडच्या पाड्यावर एक म्हातारी विधवा होती, सासूबाईंच्या वयाची, दोघींचं लहानपणापासूनचं भांडण. तिची सून मला सांगून गेली होती की म्हातारी परत बाजूला बसायला लागलीय आणि काही केल्या तपासणीला येत नाही. मी दोनदा गेले. म्हातारीने दोन्ही वेळा मला अंगणातूनच परत लावलं. शेवटच्या वेळी म्हणाली, जवळ येशील तर बघ, मी बाहेरची हाय.

मी घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहापूरला गेले आणि मागे काय झालं ते मला पाड्यावरच्या सुनेने हसत हसत सांगितलं. सासूबाई ओहोळ ओलांडून गेल्या, तिच्या पडवीत शिरल्या आणि तिच्या गोणपाटावर बसून तिचं मनगट धरलं. म्हातारी किंचाळली, ‘अगो शिवलीस मला!’

‘शिवले ना? आता मी बी बाहेरची झाले. मला माज्या घरात कोन घेनार नाय. ऊठ. दोगी मुरबाडला जाऊ, ती डॉक्टरीन बसलीय आज. येताना न्हाऊ.’

आणि मनगट सोडलं नाही. रस्त्यापर्यंत नाही, एसटीत नाही.

संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा केस ओले होते. ओहोळावर दोघी न्हाल्या होत्या. म्हातारीचं लवकर सापडलं होतं, मुंबईला लाईटही लागणार नाही असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मी पाणी दिलं आणि चेष्टेने म्हटलं, ‘काय हो आई, मला इतकी वर्षं पडवीत बसवलंत, आणि आता स्वतःच दुसऱ्याच्या पडवीत जाऊन शिवून येता?’

मला वाटलं काहीतरी तिखट ऐकायला मिळेल. त्या ओटीच्या पायरीवर बसल्या आणि केसांतलं पाणी पिळत राहिल्या.

‘माजी आय अशीच बसली व्हती,’ त्या म्हणाल्या. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. ‘दोन पावसाले. मी तवा तुज्या पोराएवडी. मी तिला भाकर लांबून सरकवायचे. ती हाका मारायची, जवल ये गो, जरा पाठ चेप. मी म्हनायचे, तू बाहेरची हायेस, न्हालीस की येते.’

त्यांनी ओले केस मागे टाकले.

‘ती काय न्हालीच नाय गो परत.’